रूम रेंटची मर्यादा, डिस्चार्जचे तीन तास आणि 'आभा': ज्येष्ठांच्या माहितीपत्रकात नेमकं काय लिहावं?

हिशेबनीस

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेसाठी दोन पानी माहितीपत्रक करतोय. ग्रुप पॉलिसी आहे. कुटुंबाला ३ लाख, रूम रेंट विमा रकमेच्या १ टक्का रोज, आयसीयू २ टक्के, को-पे (मान्य रकमेतला आपण भरायचा हिस्सा) १० टक्के, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. सभासद बहुतेक पासष्टीच्या पुढचे, म्हणजे गुडघे, मोतीबिंदू, प्रोस्टेट, अँजिओप्लास्टी. कंपनीने दिलेलं पत्रक इंग्रजीत ३४ पानी आहे आणि ते कुणी उघडलेलंही नाही.

तीन ठिकाणी अडलोय.

१. 'वरची रूम घेतली तर फक्त रूमचा फरक भरायचा' असं सगळे समजतात. ते चूक आहे एवढं माहीत आहे, पण आकड्यांत कसं दाखवू?
२. डॉक्टर सकाळी 'घरी जा' म्हणतात आणि माणूस संध्याकाळी सुटतो. तीन तासांचा नियम आहे म्हणतात. ते तीन तास कधीपासून मोजायचे?
३. आभा नंबर (सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक) काढा असं सांगायचं की नको? 'काढला की विमा कंपनीला सगळं दिसतं' अशी भीती आहे. काहींना उलट वाटतं की आभा हाच पाच लाखांचा विमा.

'पॉलिसी नीट वाचा' असं कृपया लिहू नका.

---

बिलवाला

पहिल्याचं सांगतो. याला आनुपातिक कपात म्हणतात. दोन्ही गुडघे नकोत, एकाच गुडघ्याच्या सांधेबदलाचं बिल घ्या. मर्यादा ३,००० रोज, घेतलेली रूम ५,०००ची. ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्के. हा ६० टक्क्यांचा आकडा मग रूमपुरता राहत नाही.

रूम ४ दिवस: २०,०००, मान्य १२,०००
सर्जन: ७०,०००, मान्य ४२,०००
भूलतज्ज्ञ: २०,०००, मान्य १२,०००
ओटी (ऑपरेशन थिएटर): ३०,०००, मान्य १८,०००
व्हिजिट वगैरे: १०,०००, मान्य ६,०००
इम्प्लांट: ७५,०००, मान्य पूर्ण
औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू): ३५,०००, त्यातले ५,००० 'नॉन-पेएबल', मान्य ३०,०००
तपासण्या: १०,०००, मान्य पूर्ण

एकूण बिल २,७०,०००. मान्य २,०५,०००. त्यावर १० टक्के को-पे म्हणजे आणखी २०,५०० वजा. कंपनी देणार १,८४,५००, खिशातून ८५,५००.

रूमचा फरक होता रोजचे २,००० प्रमाणे ८,०००. त्या ८,०००च्या मागून सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट यांतले ५२,००० गेले. पत्रकात एवढंच एक उदाहरण टाका, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांवर ही टक्केवारी लावता येत नाही, हे २०२०च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) नियमांत स्पष्ट आहे. आयसीयूच्या चार्जेसवरही नाही. तरी कधीकधी डेस्कवरचा माणूस सरसकट बिलाला ६० टक्के लावून मोकळा होतो. तेव्हा डिडक्शन शीट (कुठल्या ओळीतून किती कापलं त्याचा तक्ता) मागायची आणि प्रत्येक ओळीला कुठलं कलम लावलंय ते विचारायचं.

अजून एक. ज्या हॉस्पिटलात रूमच्या वर्गाप्रमाणे सर्जन आणि ओटीचे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात लागू होत नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये असं बऱ्याचदा असतं. त्यांच्याकडून 'आमचे दर सर्व रूमसाठी सारखे आहेत' असं लेटरहेडवर लिहून घेऊन फाइलला लावायचं. दरपत्रकाची प्रत सोबत असली तर उत्तम.

---

फिरकी

बिलवाले, एक दुरुस्ती सुचवतो, कारण ग्रुप पॉलिसीत हमखास इथेच पाय घसरतो. 'रूम रेंट १ टक्का' असं आपण बोलतो, पण पॉलिसीतली ओळ बहुधा 'रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग' अशी असते. म्हणजे ३,००० मध्ये नर्सिंग धरून. तुमच्या उदाहरणात नर्सिंग १,००० रोज वेगळं लागलं तर तुलना ६,०००शी होते आणि टक्का ६० वरून ५० वर येतो. मग २,७४,०००च्या बिलात मान्य रक्कम १,९२,०००, तीही को-पेच्या आधी.

म्हणून अ‍ॅडमिशन काउंटरवर विचारायचा प्रश्न 'रूम कितीला' हा नाही. 'रूम, नर्सिंग आणि आरएमओ (निवासी डॉक्टर) मिळून रोजचे किती' असं विचारायचं आणि ते एस्टिमेटवर लिहून घ्यायचं. ३,०००ची मर्यादा असलेल्याला प्रत्यक्षात २,०००-२,२००ची ट्विन शेअरिंगच बसते. ५,०००च्या वरच्या रूमला शिवाय ५ टक्के जीएसटी आहे, आयसीयू सोडून.

मर्यादेतली रूम शिल्लक नाही असं सांगितलं तर? ते फॉर्मवर लिहून द्यायला सांगा आणि टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) त्याच दिवशी ईमेल करा. कपात टळेलच असं नाही, पण नंतर भांडायला कागद हातात राहतो. आणि मर्यादेतली रूम रिकामी झाली की शिफ्ट करण्याचा अर्ज द्या. ज्या तारखेला शिफ्ट झालात ती नोंद बिलात उतरली पाहिजे.

---

ओपीडी_नंतर

हाडांच्या विभागाच्या बाजूने लिहितो. लोक बिलावर जेवढं लक्ष देतात त्याच्या निम्मं जरी केसपेपरवर दिलं तरी अर्ध्या क्वेरी (कंपनीच्या शंका) येणार नाहीत. क्लेम पास करणारा डॉक्टर पेशंटला कधी पाहत नाही. त्याला दिसतो तो स्कॅन केलेला कागद.

हल्ली हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेट असतात. 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' निवडलं की मागच्या पेशंटचा मजकूर तसाच येतो, दोन शब्द बदलायचे. गडबड इथे होते. ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं आणि डायग्नोसिसचा कोड 'एम१७.०', म्हणजे दोन्ही गुडघे. पहिल्या ओपीडी चिठ्ठीत 'दुखणं ६ वर्षांपासून', अ‍ॅडमिशन नोटमध्ये '६ महिने', डिस्चार्ज समरीत 'अनेक वर्षे'. तिन्ही तीन वेगळ्या हातांनी टाइप केलेलं. तिकडच्या डॉक्टरला यात लपवाछपवी दिसते आणि तो गेल्या पाच वर्षांचे सगळे कागद मागतो. तुमच्या पॉलिसीत आधीचे आजार कव्हर आहेत म्हणून क्लेम नाकारला जाणार नाही, पण दोन दिवस जातील. दरम्यान ऑपरेशनची तारीख पुढे जाते, रक्त पातळ करणारी गोळी ज्या हिशेबाने बंद केली तो हिशेब चुकतो आणि शुगर पुन्हा मोजावी लागते.

उपाय साधा आहे. पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना खरी तारीख सांगा आणि ती चिठ्ठीवर आली का ते तिथेच वाचा. कमी-जास्त करू नका. 'विम्यासाठी सहा महिने लिहा' हा सल्ला वेटिंग रूममध्ये फुकट मिळतो आणि सगळ्यात महाग पडतो.

गुडघ्याच्या प्री-ऑथला (ऑपरेशनआधीच्या कॅशलेस मंजुरीच्या अर्जाला) काय लावायचं: दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून काढलेला एक्स-रे आणि त्याचा रिपोर्ट. सर्जनची चिठ्ठी, जिच्यात ग्रेड (झीज किती ते) लिहिलेली असेल आणि आधी काय उपचार झाले तेही असेल (फिजिओ किती महिने, गोळ्या, सांध्यात इंजेक्शन). कुठली बाजू. इम्प्लांटचा प्रकार आणि किंमत. किती दिवस राहावं लागेल. बीपी, शुगर किती वर्षांपासून आणि कुठल्या गोळ्या. 'आधी काय उपचार झाले' हीच ओळ राहते आणि पहिली क्वेरी तिच्यावरच येते, 'साध्या उपचारांनी भागलं नसतं का' म्हणून.

इम्प्लांटच्या खोक्यावर लॉट नंबरचे स्टिकर असतात. ते ओटी नोटवर चिकटवलेले हवेत आणि इम्प्लांटचं इन्व्हॉइस वेगळं हवं. स्टिकर नसेल तर ७५,०००ची ओळ अडकते. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, त्यामुळे स्टिकरवरचं नाव आणि इन्व्हॉइस जुळतंय का हे कंपनी बघतेच. पेशंटनेही बघावं.

---

डेस्क_तीन

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४च्या मास्टर सर्क्युलरमध्ये दोन घड्याळं आहेत. कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर १ तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला ३ तास. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचे. पेशंट दगावला तर मृतदेह ताबडतोब ताब्यात मिळाला पाहिजे, हेही त्यातच आहे.

पण घड्याळ सुरू कधी होतं? डॉक्टर राउंडला 'उद्या काय, आजच जा' म्हणाले तेव्हा नाही. हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती कंपनीला पोचली तेव्हा. मधला वेळ कुणाच्याच हिशेबात नसतो आणि खरा उशीर तिथेच होतो.

मधे काय काय होतं ते बघा. सव्वानऊला राउंड. सिस्टर उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवते, फार्मसी रिटर्नची नोंद करते. लॅब आणि एक्स-रेची नोंद बंद होते. आरएमओ समरी टाइप करतो, पण सर्जन ओटीत, सही दोनला. बिलिंग फायनल बिल काढतं. मग डेस्कवरचा माणूस बिल, समरी, रिपोर्ट, ओटी नोट, स्टिकर स्कॅन करून पोर्टलवर चढवतो. तिथे दुपारचे अडीच-तीन वाजलेले असतात. कंपनीने प्रामाणिकपणे तीन तासांत मंजूर केलं तरी सहा वाजले.

वेळ वाचवायची असेल तर आदल्या संध्याकाळीच हलावं लागतं. सर्जनला विचारायचं, उद्या डिस्चार्ज शक्य आहे का. असेल तर रात्रीच समरीचा मसुदा करून घ्यायचा. अंतरिम बिल रात्रीच बघायचं, चुकीच्या नोंदी तेव्हाच काढायच्या. फिजिओचं शेवटचं सेशन आणि ड्रेसिंग सकाळी आठला. सकाळच्या राउंडला फक्त सही आणि फायनल आकडा. असं केलं तर साडेदहा-अकराला फाइल जाते. फाइल गेल्याची वेळ पोर्टलवर दिसते, तिचा स्क्रीनशॉट मागून घ्या. तोच तुमचा पुरावा.

फाइल गेल्यावर क्वेरी आली तर घड्याळ व्यवहारात थांबतं, आणि दुपारी तीनला 'ओटी नोट अस्पष्ट आहे' अशी क्वेरी येणं नवलाचं नाही. मोबाइलवर फोटो काढून चढवलेला कागद वाचता येत नाही ही कंपनीची सबब नसते, तो खरंच वाचता येत नाही. स्कॅनर वापरा म्हणावं.

---

ओपीडी_नंतर

डेस्क_तीन यांनी 'औषधं फार्मसीला परत' लिहिलं, ती पायरी धोक्याची आहे. दहाला औषधं परत गेली आणि पेशंट सहाला सुटला, तर मधल्या आठ तासांत वॉर्डात त्याचं औषध नसतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेलं इंजेक्शन किंवा गोळी, दुपारची अँटिबायोटिक, जेवणाआधीचं इन्सुलिन. सिस्टरच्या यादीत तो 'डिस्चार्ज' दिसतो, नातेवाइकांना वाटतं अजून वॉर्डात आहे म्हणजे देतीलच. डोस चुकतो आणि कुणाच्या नजरेत येत नाही.

पत्रकात ठळक लिहा: प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंतचे डोस वॉर्डात ठेवून बाकीची औषधं परत करायला सांगा. डिस्चार्जचं प्रिस्क्रिप्शन मंजुरीची वाट न बघता आधी घ्या आणि औषधं आणून ठेवा. पुढचा डोस किती वाजता, हे समरीवर वेळेसकट लिहून घ्या. आणि सूचना ऐकायला एक माणूस पेशंटजवळ थांबवा. बिलाच्या काउंटरवर रांगेत उभ्या असलेल्या मुलाला 'टाके बाराव्या दिवशी' सांगून काही उपयोग नाही.

---

हिशेबनीस

हे सोनं आहे. डोसचं तर डोक्यातच नव्हतं. आता तिसरा प्रश्न. आणि 'नॉन-पेएबल'चे ५,००० म्हणजे नक्की काय, तेही कुणी सांगा.

---

बिलवाला

नॉन-पेएबल पटकन सांगतो. चार याद्या आहेत. पहिलीत ६८ वस्तू, त्या कंपनी देत नाही (ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर, नेब्युलायझेशन किट, तपशील नसलेलं कुठलंही 'किट'). बाकीच्या तीन याद्यांतल्या वस्तू रूम, ऑपरेशन किंवा उपचाराच्या खर्चात धरलेल्या असतात. म्हणजे कापूस, गॉज, रेझर, एक्स-रे फिल्म, फाइल चार्ज, हाउसकीपिंग हे हॉस्पिटलने वेगळं लावायचंच नाही. ते बिलात वेगळं दिसलं तर ते कंपनीने कापलंय म्हणून तुम्ही निमूट भरू नका, हॉस्पिटलला काढायला सांगा. 'ऑर्थो किट ४,८००' अशी ओळ दिसली तर आतल्या वस्तूंची यादी मागा. फोडून लिहिलं की त्यातलं बरंचसं पास होतं.

---

नोंदवही

आभाबद्दल.

आभा विमा नाही. तो १४ आकडी ओळख क्रमांक आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. ते मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं. पाच लाखांचं आयुष्मान कार्ड वेगळं. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी ते घेता येतं. तुमच्या सभासदांत सत्तरीपुढचे बरेच असणार, त्यांच्यासाठी ही ओळ पत्रकात आभापेक्षा वर टाका. नावं सारखी ठेवून ठेवणाऱ्यांनी घोळ घातलाय, लोकांचा दोष नाही.

'कंपनीला सगळं दिसतं' हे खरं नाही. रिपोर्ट एका जागी गोळा होत नाहीत, ज्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये तयार झाले तिथेच राहतात. आभा फक्त धागा जोडतो. कुणाला बघायचं असेल तर तुमच्या अ‍ॅपवर संमतीची विनंती येते. तिच्यात चार गोष्टी असतात: कशासाठी (उपचार की पैसे चुकते करणं), कुठल्या प्रकारच्या नोंदी, कुठल्या तारखांमधल्या, आणि परवानगी कधी संपणार. लोक यातलं काहीही न वाचता 'मंजूर' दाबतात. तारखांचा रकाना बदलता येतो. गुडघ्याच्या क्लेमसाठी गेल्या दहा वर्षांच्या नोंदी मागितल्या असतील तर तो कालावधी कमी करा आणि मुदत महिन्याभराची ठेवा. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. आभा ऐच्छिक आहे, नसला म्हणून उपचार किंवा क्लेम अडवता येत नाही.

फायदा कुठे? दोन ठिकाणी नक्की. सरकारी आणि मोठ्या हॉस्पिटलांत ओपीडीच्या काउंटरवर क्यूआर स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं, केसपेपरची रांग वाचते. आणि दुसरं, डिस्चार्ज समरी फोनमध्ये राहते. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे 'कुठलं इम्प्लांट, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी' हे प्रश्न आले की लॅमिनेशन केलेली फाइल घरी असते.

बिघडतं कुठे ते आता. जुन्या नोंदी शोधताना मोबाइल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जुळवलं जातं. हॉस्पिटलात 'पाटील सुनंदा व्ही', आधारवर 'सुनंदा विष्णू पाटील', आणि मोबाइल मुलाचा. जुळत नाही. जन्मतारखांचा तर वेगळाच खेळ: शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली एक पिढी आहे, त्यांच्या आधारवर कधी १ जून, कधी १ जानेवारी, आणि हॉस्पिटलात खरी. वर्षच वेगळं असेल तर नोंद सापडतच नाही. पॉलिसीच्या यादीतलं नाव, आधार आणि हॉस्पिटलची नोंद या तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग करून घेणं हे तुमच्या संघटनेने सामूहिक शिबिरात करण्यासारखं काम आहे.

ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर मुलाचा, मुलगा न्यू जर्सीत, आणि इथलं सिम दोन वर्षं बंद. अशा वेळी आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्यायचा, मग आभा. साधा कीपॅड फोन असला तरी ओटीपी येतोच, कार्ड छापून ठेवता येतं. पण संमतीच्या विनंत्या वाचायला स्मार्टफोन लागतो. तो नातवाच्या हातात असेल तर 'मंजूर' कोण दाबतंय हे घरात ठरवून ठेवा.

आणि सगळी हॉस्पिटलं जोडलेली नाहीत. सॉफ्टवेअर जोडलेलं असलं तरी नोंदणीच्या वेळी आभा नंबर टाकला नाही तर समरी अ‍ॅपमध्ये येत नाही. म्हणून कागद ठेवाच. नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं बंधन डॉक्टरांवर २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांपासून आहे, लेखी अर्ज द्या.

---

फिरकी

नोंदवही यांच्या उत्साहाला थोडी वेसण. क्लेमच्या एक्सचेंजवर (क्लेमच्या फाइली डिजिटल पाठवायच्या सरकारी व्यवस्थेवर) फाइल गेली काय आणि पोर्टलवर गेली काय, पॉलिसीचं कलम बदलत नाही. १ टक्क्याची मर्यादा डिजिटल झाली तरी १ टक्काच. कपात फक्त लवकर कळते, हा फायदा मान्य.

उपचारावर खरा परिणाम किमान २४ तास भरती राहण्याच्या अटीचा होतो. डे-केअरच्या (त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांच्या) यादीत नसलेल्या गोष्टीला अ‍ॅडमिशन लागतं, म्हणून ज्या तपासण्या ओपीडीत होतील त्यांच्यासाठी माणसाला भरती करतात. मग कंपनी 'फक्त तपासणीसाठी भरती' म्हणून नाकारते, आणि बहुतेकदा तिचं बरोबर असतं. उलट बाजू म्हणजे शुगरची ओपीडी, पायाची तपासणी, खास चप्पल यांना पैसे नाहीत. पायाला जखम होऊन चिघळली, बोट काढायची वेळ आली की मात्र सगळं कव्हर.

डोळ्याच्या पडद्याच्या इंजेक्शनांचं तेच. सप्टेंबर २०१९च्या नियमांनी ती आधुनिक उपचारांच्या यादीत आली, म्हणजे कंपनीला सरळ नाकारता येत नाही. पण उपमर्यादा (त्या एका उपचारापुरती कमाल रक्कम) लावता येते. इंजेक्शन सुरुवातीला दर महिन्याला लागतं, मर्यादा दोन-तीनमध्ये संपते आणि लोक पुढचं लांबवतात. हिशेबनीस, तुमच्या पॉलिसीत मोतीबिंदू, पडद्याचं इंजेक्शन आणि रोबोटिक शस्त्रक्रिया या तिन्हींची उपमर्यादा शोधा आणि आकडा पत्रकात टाका. मोतीबिंदूला रूमची भानगड नाही, पण दर डोळ्याला ठोक रक्कम असते आणि लेन्स ठरवताना तीच कामाला येते.

---

डेस्क_तीन

नकाराबद्दल दोन ओळी, कारण पत्रकात त्या लागतीलच. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. पैसे भरा, मूळ कागद घ्या, रिइम्बर्समेंटला (भरलेले पैसे परत मिळण्यासाठी) लावा. पूर्ण क्लेम नाकारायचा असेल तर टीपीएच्या पातळीवर नाकारता येत नाही, कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहावं लागतं. फोनवर 'रिजेक्ट झालंय' सांगितलं तर 'कलमासकट लेखी द्या' एवढंच म्हणायचं.

पुढची पायरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे बसतात आणि ग्रुप पॉलिसीही चालते. नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर पुढे रोज ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. आनुपातिक कपात औषधांवर किंवा इम्प्लांटवर लावली असेल तर ही केस अगदी सरळ आहे. बिल आणि डिडक्शन शीट शेजारी ठेवली की दिसतं.

---

हिशेबनीस

पत्रकाचा साचा बदलला. पहिल्या पानावर फिरकींचा काउंटरवरचा प्रश्न आणि बिलवाल्यांचं उदाहरण, नर्सिंग धरून. मागच्या पानावर डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळची यादी आणि डोस. आभा चार ओळींत, वय वंदना त्याच्या वर. नाव-जन्मतारीख जुळवणीसाठी शिबिर घेतोय, आधार केंद्राशी बोलणं चालू आहे.

एक राहिलं. घरी गेल्यावर फिजिओ घरी येतो, त्याचं बिल लावता येतं का?

---

ओपीडी_नंतर

डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा खर्च बऱ्याच पॉलिसींत धरतात, तुमच्यात किती दिवस आहेत ते बघा. घरच्या फिजिओचं ग्रुप पॉलिसीत कधी वगळलेलं असतं, तेही तिथेच दिसेल. धरत असतील तर सर्जनच्या समरीत 'फिजिओथेरपी' एवढंच लिहून चालत नाही. 'रोज एक सेशन, सहा आठवडे, घरी' असं हवं. फिजिओच्या पावतीवर त्याचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक सेशनची तारीख आणि पेशंटची सही. महिनाअखेरीला '२४ सेशन, १२,०००' अशी एकच पावती दिली की ती परत येते. म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्याकडून तारखांचा तक्ता करून घ्या आणि प्रत्येक वेळी सही करा.